रेडिओ पुढे, टीव्ही मागे

नको नको, त्या बटणाला हात नका लावू, पाहुणे — टीव्हीचा आवाज बंदच राहू दे. बिघडलेला नाही तो. आमच्या केंटकीत बास्केटबॉल असाच बघतात — चित्र टीव्हीवर, आवाज रेडिओचा. टीव्हीवर बडबडणारी माणसं लांबच्या शहरातली, त्यांना आमच्या पोरांची नावंसुद्धा धड घेता येत नाहीत. आणि रेडिओवर कोण? आमचा क्लाइड! माझं लग्न व्हायच्या आधीपासून बोलतोय तो, मध्ये श्वास कधी घेतो कुणास ठाऊक. बसा, त्याच खुर्चीत बसा. बाजूची दांडी ओढा — हां, पाय आपोआप वर येतात. सगळं खरं चामडं नाही बरं का, पाठ आणि बैठक तेवढी खरी, मागनं रेक्झिन. मी आधीच सांगून टाकतो. म्हणून तर या होमर स्टॅम्परचं फर्निचरचं दुकान अजून उघडं आहे आणि हायवेवरची ती झगमगाटवाली — थांबा. एक मिनिट थांबा. ... हं. पास दिला. उभा आहे.

कोण म्हणजे? कोल्बी! येताना खिडकीत फोटो पाहिलात ना, माणसाएवढा? माझा नातू, डार्लीनचा मुलगा. डार्लीन म्हणजे माझी एकुलती एक. आज कॉलेजच्या मैदानातला त्याचा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाची पोरं या दिवशी आपापल्या आईचा हात धरून मैदानात येतात, आईला फुलं देतात, मग सगळं स्टेडियम उभं राहून राज्याचं गाणं म्हणतं. मघाशी दाखवलं ना, डार्लीन काय रडत होती! आता बसलीय पोरांच्या बाकामागेच. माझी खुर्ची तिच्या शेजारी. रिकामी आहे. ... दुकान कुणी सांभाळायचं? बर्फ पडलाय, गिऱ्हाईक नाही, तुम्हीसुद्धा रस्ता बंद म्हणून आत आलात — कबूल. खरं कारण ते नाहीच.

बघा, आता नीट ऐका. क्लाइड काय म्हणाला? कोल्बीची बास्केट. आणि टीव्हीवर? बॉल अजून त्याच्या हातात! ... आता गेला. कळलं? पूर्वी दोन्ही बरोबर चालायचं, ही डिश आली आणि चित्र मागे पडलं. रेडिओ पुढे, टीव्ही मागे. लोक वैतागतात, जुळवून घ्यायची कसली कसली यंत्रं आणतात. मला नको. आधी क्लाइडच्या तोंडून ऐकतो — पोरगा उभा आहे — मग बघतो. तिथं स्टेडियममध्ये अशी सोय नाही, पाहुणे. तिथं जे होतं ते एकदमच होतं.

नाही, हरण्याची कसली भीती! मी काय हरलेले सामने पाहिले नाहीत? कॉफी घ्या. आटून कडू झाली असेल, पण गरम आहे.

तुम्ही ओहायोचे, तुम्हाला पगारी खेळाडूंची प्रो लीगच आवडत असणार. मी आयुष्यभर त्यांना नावं ठेवली. भाडोत्री म्हणायचो. आज या शहराकडून, उद्या त्या शहराकडून, हिवाळाभर बचाव करायचं नाव नाही, अंगाला तोशीस लागू द्यायची नाही — आणि आमची कॉलेजची पोरं बघा, हातातून सुटलेल्या बॉलमागे प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडतात! न्हाव्याच्या दुकानात यावरून मी किती भांडलोय. वर्डेल, आमचा न्हावी, प्रोवाल्यांचा. ‘होमर, तू फुकट राबणाऱ्यांवर प्रेम करतोस, कारण तू दुकानदार आहेस,’ म्हणायचा. वस्तरा त्याच्या हातात, मी काय बोलणार?

पण धंद्यातलीच एक गोष्ट सांगतो. चर्चमधले लोक सोफा घ्यायला येतात, दोनदा हात फिरवतात, ‘होमर, तू म्हणतोस ना, मग झालं,’ म्हणतात आणि घेऊन जातात. प्रेमाचं गिऱ्हाईक. एकदा सिनसिनाटीचा एक मोटेलवाला आला. हसणं नाही, बोलणं नाही. सोफा उलटा केला, खालचं कापड टराटरा उसवलं, लाकडाला नाक लावलं, स्प्रिंगा दाबून पाहिल्या. एका पायाला चीर होती, मलाही माहीत नव्हती. ‘हा नको,’ म्हणाला आणि गेला. काय राग आला होता मला! ... आणि तोच सोफा आदल्या दिवशी मी आमच्या पाद्रीबुवांच्या गळ्यात मारत होतो.

शिकागोला तेच झालं. मागच्या उन्हाळ्यात प्रोवाल्यांनी कोल्बीला पारखायला बोलावलं, मीच गाडी चालवत नेलं. पळवलं, उडी मारायला लावली, वीत न् वीत मोजली — आणि मग छातीवर यंत्र लावून आतलं बघितलं. एक डॉक्टरीणबाई, माझ्या मुलीच्या वयाची, दार लोटून म्हणाली, हृदयाची भिंत जाड आहे. खेळू नकोस. नुसतं आमच्याकडेच नाही, कुठेच नको. तुमच्या घरात कुणी तरुणपणी अचानक —

मी नाही म्हणालो. तोंडातून निघून गेलं, नाही. आणि माझा भाऊ वेन, माझ्याहून लहान, आमच्या तंबाखूच्या कोठारावर बापानं बास्केटची कडी ठोकली होती, तिच्याखाली खेळता खेळता कोसळला, तो गेलाच. बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला. ऊन लागलं म्हणाले सगळे. शरद संपत आला होता, पाहुणे. कसलं ऊन? त्याच कडीखाली मी कोल्बीला शिकवलं.

परतताना पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा कोल्बी म्हणाला, ‘पॅपॉ, आईला सांगू नकोस. एकच वर्ष. इथंच, आपल्या लोकांत.’ मग आमच्या कॉलेजच्या डॉक्टरांनी तपासलं. चांगला माणूस, पलंग माझ्याकडूनच नेलाय. म्हणाले, खेळाडूचं हृदय मोठंच असतं, शिकागोवाले उगाच घाबरतात. आणि गावाला काय वाटलं? पोरानं प्रोवाल्यांना लाथाडलं, आपल्यासाठी परत आला! चर्चची घंटा वाजवली हो. वर्डेलनं फुकट केस कापले त्याचे. मी खिडकीत फोटो लावला. आता बोला — सोफा कुणी उलटा केला आणि कुणी नुसता हात फिरवला? भाडोत्री कोण?

हे मी तुम्हाला का सांगतोय? मी कुणालाच — गप्प. काय म्हणाला क्लाइड? ‘कोल्बी खाली.’ खाली म्हणजे? बोल ना, क्लाइड! ... लोकसुद्धा गप्प झाले, ऐकलंत? टीव्हीवर बघा. धावतोय. अजून धावतोय, हात वर करून बॉल मागतोय, हसतोय — त्याला अजून ठाऊक नाही. माझा हात सोडू नका. क्लाइड, अरे बोल!

... काय? लेन्स? डोळ्यातली लेन्स पडली? दहाही पोरं गुडघ्यांवर बसून शोधताहेत, पंचसुद्धा — क्लाइड हसतोय. ऐका, हसतोय तो. आणि टीव्हीवर बघा. आत्ता. आत्ता थांबला. आता खाली गेला. हात टेकले जमिनीला. मला माहीत आहे लेन्स आहे, कानानं ऐकलंय, तरी बघवत नाही.

हो, हो, ठीक आहे मी. पाणी नको. तुम्ही म्हणाल, म्हातारा उगाच घाबरला. पण मधल्या तेवढ्या वेळात मी त्याला पुरून आलो, पाहुणे. वेनच्या शेजारी. डार्लीनच्या हातात तीच मघाची फुलं होती.

संपला वाटतं पहिला भाग. दोन्ही संघ आत चालले. आता डार्लीनला फोन ऐकू येईल. तिला हे सांगितलं की कोल्बी माझ्याशी जन्मात बोलणार नाही. गाव माझी खिडकी फोडेल, फोटोसकट. फोडू दे, काच मिळते. ... लागतोय. डार्लीन? हो, दुकानातच आहे. बाळ, त्या गोंगाटातून जरा बाहेर ये. नाही, एकटी ये. नाही गं, तो ठीक आहे — ठीक आहे म्हणून तर आत्ता फोन केलाय.

पाहुणे, ती खुर्ची घ्यायची की नाही ते उद्या बघू, रात्रीपुरती खोली कोपऱ्यावरच्या मोटेलात मिळेल. दार ओढून घ्या. आणि जाता जाता तेवढा रेडिओ बंद करा.