न मागता दिलेले तेरा इंच

मावशी : लिही. "तुम्ही चोर आहात. चोर काढून नेतो, तुम्ही उलटं केलंत. न मागता तेरा इंच माझ्या अंगावर चढवलेत आणि वर तोंड करून सांगता की नियम आहे." झालं लिहून?

भाची : थांब गं मावशी! पहिल्याच ओळीत चोर? तक्रारीच्या पत्राला काही रीत असते. "माननीय महोदय" वगैरे.

मावशी : महोदय आहेत का महोदया, मला काय ठाऊक? माणूस आहे का तेही ठाऊक नाही. तू आपली लिही. माझे दोन्ही हात अडकलेत, ही स्प्रिंग केसापेक्षा बारीक आहे. मी शिंकले तर या घड्याळाचं तेरावं घालावं लागेल.

भाची : पण तेरा इंच कसले? कोणी चढवले?

मावशी : त्या खेळाच्या कंपनीनं. पुलाचा खेळ. पाच जणांनी मिळून पूल राखायचा, पलीकडून पाच जण चालून येतात. सगळे आपापल्या घरी, कानाला हेडफोन, तोंडानं शिव्या.

भाची : पुलाचा खेळ? तू... तू खेळतेस तो?

मावशी : तीन वर्षं. दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं, तेव्हा मी काय झोपते वाटलं तुला? कप्तान आहे मी. चौघं माझ्या शब्दाबाहेर नाहीत. एक पाववाला आहे, पहाटेचं काम उरकून येतो. एक दवाखान्यातली नर्स. एक म्हातारे मास्तर, त्यांना ऐकू कमी येतं पण नेम असा की विचारू नको. आणि एक पोरगी, ती काय करते ते तिलाच माहीत नाही.

भाची : बरं. मग भांडण कशावरून?

मावशी : खेळात आपलं माणूस आपण बनवायचं असतं. नाक, डोळे, केस, रंग. मी सगळं माझं केलं. हा पांढरा पुढं आलेला केसांचा झुबका, हे बसकं नाक, सगळं. मग उंचीची पट्टी आली. ओढली खाली. पाच फुटांवर अडली. अजून ओढली. हलेना. माझी उंची किती?

भाची : तीन फूट अकरा.

मावशी : मग? कर वजाबाकी.

भाची : तेरा इंच.

मावशी : वर सात फुटांपर्यंत जाते पट्टी. शिंगं सेहेचाळीस प्रकारची आहेत, मी मोजली. शेपटी आहे. कपाळाला तिसरा डोळा लावता येतो. बाई मात्र पाच फुटांच्या खाली नाही.

भाची : त्याला कारण असतं मावशी. छोटं शरीर असलं की गोळी लागायला जागा कमी. समोरच्याचा नेम चुकतो. मग ज्याला जिंकायचंय तो प्रत्येक जण पट्टी तळाला नेणार. मैदानात सगळे चिमुकलेच दिसतील. आणि लांबून बघून कोण चालून येतंय ते ओळखूच येणार नाही. म्हणून मर्यादा.

मावशी : थांब, थांब. पुन्हा सांग. सगळे काय करतील?

भाची : सगळे बुटके होतील.

मावशी : मुद्दाम?

भाची : मुद्दाम. फायदा आहे ना.

मावशी : अगं बाई! पंचावन्न वर्षं मी या उंचीत काढली. बसमध्ये कडी हाताला लागत नाही, बँकेत काचेपलीकडच्या बाईला माझा फक्त आवाज येतो. आणि अख्ख्या जगात एक जागा निघाली जिथं सगळ्यांना माझ्याएवढं व्हायचंय, तर त्या जागेला यांनी कुलूप घातलं! हसू नको. नाही, हस. मलाही हसू येतंय.

भाची : मी हसत नव्हते.

मावशी : आणि सात फुटी माणूस? त्याला तर गोळी सहज लागत असेल.

भाची : लागते. पण तो त्याचा तोटा. तोट्याची कोणी तक्रार करत नाही.

मावशी : म्हणजे तोट्यात जायला मोकळीक आहे. ऐक, तुला हे एवढं बारीकसारीक कसं काय माहीत?

भाची : वाचलंय कुठंतरी. गिऱ्हाईक आलंय बघ.

गिऱ्हाईक : ताई, हे घड्याळ दाखवायचं होतं. दुकानात कोणी मोठं आहे का?

भाची : मला नका विचारू. दुकान त्यांचं आहे.

गिऱ्हाईक : कोणाचं? अच्छा... नाही, म्हणजे मला वाटलं...

मावशी : वाटू द्या. मोठीच आहे मी, दाढ पडायला लागलीय. द्या इकडं. पुढं जातं का मागं पडतं?

गिऱ्हाईक : पुढं. रोज दहा मिनिटं. दोन ठिकाणी दाखवलं. एकानं मशीन बदला म्हणून सांगितलं.

मावशी : तुमच्या फोनच्या कव्हराला चुंबक आहे? टकन बंद होतं ते?

गिऱ्हाईक : आहे. का?

मावशी : रात्री दोन्ही एकमेकांशेजारी ठेवता. स्प्रिंगला चुंबक चढलंय, वेटोळी एकमेकांना चिकटतात, म्हणून धावतंय बिचारं. मशीनला धाड भरलेली नाही. उद्या चारला या, उतरवून ठेवते. आणि त्या मशीन बदलणाऱ्याला सांगा, आधी विचारावं, मग उघडावं.

गिऱ्हाईक : बरं. येतो. येतो हं मावशी.

मावशी : बघितलंस? आत येताना "कोणी मोठं आहे का", जाताना "मावशी". तीस वर्षं रोज हेच. मी रागावत नाही. दोन मिनिटं लागतात माणसाला, तेवढी मी देते.

भाची : मग तुझ्या त्या चौघांनाही दे की दोन मिनिटं. कशाला हवी ती पट्टी? सरळ सांगून टाक.

मावशी : काय सांगू? "मंडळी, तुम्हाला एक गोष्ट कळवायची आहे"? कबुलीजबाब आहे का हा? मी काय लपवलं? मला माझ्यासारखी उभीच राहू दिली नाही कोणी. आता येत्या रविवारी आम्ही पाचही जण पाववाल्याच्या घरी पहिल्यांदा भेटतोय. पाववाला म्हणतो, "कप्तान, तुमच्यामागं उभं राहिलं की भिंतीचा आडोसा वाटतो." कळलं? त्याच्या डोळ्यांपुढं भिंत आहे. रविवारी दार उघडेल, तो माझ्या डोक्यावरून बाहेर रस्त्यावर बघेल आणि विचारेल, "कप्तान कुठंय?" ती दोन मिनिटं मला या चौघांकडून नकोत. गिऱ्हाईकाकडून चालतात.

भाची : मग आता?

मावशी : म्हणून मी काय केलंय माहितेय? तीन महिने वाकून खेळतेय.

भाची : वाकून?

मावशी : खेळात एक बटण आहे, दाबून धरलं की माणूस गुडघ्यात वाकून चालतं. मी पडद्यावर फूटपट्टी लावली. सरळ उभी राहिले की नऊ सेंटिमीटर. वाकले की सात. उभी असताना पाच फूट धर, मग वाकून किती?

भाची : मला नाही येत असलं गणित.

मावशी : तीन फूट पावणेअकरा. पाव इंच इकडंतिकडं. माझीच उंची! बसल्या जागी सापडली. तेव्हापासून ते बटण सोडलेलं नाही. अंगठ्याला घट्टा पडलाय, हा बघ.

भाची : तीन महिने? आणि बाकीचे काय म्हणतात?

मावशी : मास्तर म्हणाले, "कप्तान घाबरायला लागली." ती पोरगी म्हणाली, "कंबर धरली का?" वाकून चाललं की वेग निम्मा होतो ना. त्यापायी पाच पूल गेले हातचे. पण गंमत बघ. हे वाकलेलं छोटं शरीर त्या खेळात आधीपासून आहे. गोळी त्याच्यावरूनही जाते. त्याची किंमत म्हणून वेग कमी केलाय, बरोबर? मग तोच हिशेब मला लावा. चार फुटी करा आणि हळू चालवा. मी खरोखरची हळूच चालते, माझे गुडघे दुखतात! कोणाचा फायदा झाला त्यात? हे मी त्यांना लिहिलं. नीट, आकड्यांसकट. तीनदा.

भाची : तीनदा लिहिलंस? मग काय उत्तर आलं?

मावशी : तिन्ही वेळा एकच. वाचते थांब, भिंग काढू दे. "प्रिय खेळाडू, तुमच्या कल्पकतेचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. सर्वांना समान संधी मिळावी म्हणून रूपाच्या निवडीवर काही मर्यादा..."

भाची : "...ठेवाव्या लागतात. शिंगं, शेपट्या आणि केशरचनांचे चारशेहून अधिक पर्याय तुमची वाट पाहत आहेत."

मावशी : हे मी अजून वाचलं नव्हतं. पोरी, तुझं ऑफिस नेमकं काय करतं गं? उत्तरं देता, असं मागं म्हणाली होतीस. कोणाला?

भाची : एका मजल्यावर दहा कंपन्यांची कामं असतात. कुठल्या ते घरी सांगायचं नाही म्हणून सही घेतलीय. मला मागच्या वर्षी... मला पुलाचा खेळ दिला.

मावशी : म्हणजे मघाशी मी चोर लिहायला सांगितलं, ते तुलाच?

भाची : मला कुठं माहीत होतं तू आहेस ते! तक्रारीवर नाव नसतं. खेळाडू क्रमांक असतो, बारा आकडी. आणि दिवसाला दोनशे येतात. तुझ्या केसांच्या झुबक्याचा फोटो असता तर ओळखलं असतं. हे उत्तर मीच बसवलंय. बारा नंबरचं. पत्रात "उंची" शब्द दिसला की बारा दाबायचं. शाबासकी मिळाली होती त्याबद्दल.

मावशी : चांगलं लिहिलंयस. वाट पाहणाऱ्या शेपट्या, मला वाटलं कोणी कवी ठेवलाय. माझं पत्र वाचलंस का पण?

भाची : पहिलं वाचलं. चार ओळी.

मावशी : दुसरं?

भाची : शब्द दिसला, दाबलं.

मावशी : तिसरं?

भाची : तिसरं उघडलंच नाही. एकाच क्रमांकाचं तिसरं आलं की आपोआप जातं उत्तर. काय होतं त्यात?

मावशी : आता विचारतेस? त्यात मी लिहिलं होतं मी कोण ते. घड्याळाचं दुकान, पाय तोडून घेतलेलं टेबल, दारातली पायरी सुताराकडून अर्धी करून घेतली ती. आणि बहिणीची लेक लहानपणी माझ्या स्टुलावर बसून मोडक्या घड्याळांचे काटे जमवायची, ती आता माझ्या दीडपट झालीय, पण अजून बसून बोलते माझ्याशी, उभी राहून नाही. दुसऱ्या ओळीत ओळखलं असतंस.

भाची : मावशी...

मावशी : रडू नको. टेबलावर स्प्रिंगा आहेत, गंजतील. तू वाईट नाहीस, तुला बारा बटणं दिलीत आणि तू ती दाबतेस. मला एकच विचारायचंय. तू मघाशी ती कारणं सांगितलीस. गोळी, नेम, सगळे बुटके होतील. ती खरी आहेत का? का तीही नंबर लावून ठेवलीत?

भाची : खरी आहेत. अर्धी.

मावशी : उरलेली अर्धी?

भाची : तू रागावशील.

मावशी : मी मघापासून काय आरती करतेय का?

भाची : चार फुटांचं शरीर त्यांच्याकडे तयार आहे. चित्रकारांनी बनवलंय, चालतं, धावतं, जिना चढतं. नीट आहे सगळं. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी टवाळीचा सामना असतो ना, ज्याचे गुण धरत नाहीत? त्यात मिळतं ते. विदूषकाच्या कपड्यांत. मारलं की पिपाणी वाजते.

(चिमटा टेबलावर ठेवल्याचा आवाज.)

मावशी : पिपाणी.

भाची : हो.

मावशी : नाक लाल?

भाची : हो. काढता येत नाही.

मावशी : मी त्या शनिवारी कधी खेळले नाही. गुण नाहीत म्हटल्यावर वेळ कशाला घालवा. म्हणजे होत नाही असं नाही. करून ठेवलंय, कपाटात ठेवलंय, आणि हसायचं असलं की बाहेर काढतात. हे घाल पत्रात.

भाची : घातलं तर त्यांना कळेल आतलं कोणीतरी बोललं. त्या सामन्याबद्दल सगळ्यांना माहितेय, पण तेच शरीर खऱ्या सामन्यातही चालतं, चाचणीत चाललं होतं, हे बाहेर कोणाला माहीत नाही.

मावशी : मग नको घालू. नोकरी तुझी आहे. बहीण मला जिवंत सोडणार नाही.

भाची : आणि नेहमीसारखं पाठवलं तर उद्या दहा वाजता माझ्याच पडद्यावर येईल आणि बारा नंबरचं उत्तर जाईल. चौथं.

मावशी : तू नको दाबू.

भाची : मी नाही दाबलं तर शेजारचा दाबेल. एक वाट आहे. पत्र वरच्या मजल्यावर चढवता येतं. खाली कारण लिहायचं, स्वतःच्या शब्दांत, आणि स्वतःचं नाव. मी अजून कधी चढवलेलं नाही. आमच्या रांगेत कोणीच नाही.

मावशी : का?

भाची : कारण लिहायला लागतं.

मावशी : मग राहू दे गं. मी रविवारी जाईन अशीच. पाववाला शोधेल दोन मिनिटं. शोधू दे.

भाची : नाही. जरा सरक, मला नीट बसू दे. मी वाचते, चुकलं तर सांग. "तुम्ही चोर आहात" हे ठेवलंय. तेरा इंच ठेवलेत. वाकून खेळल्याचं आणि फूटपट्टीचं सगळं आहे. आता खाली माझं. "मी खेळाडू-सेवेत काम करते. बारा क्रमांकाचं उत्तर मी लिहिलेलं आहे आणि या बाईंना मी ते तीन वेळा पाठवलं. शेवटच्या वेळी पत्र उघडलंही नव्हतं."

मावशी : ते कशाला लिहिलंस?

भाची : कारण विचारलंय ना त्यांनी. "चार फुटांचं शरीर आपल्याकडे आहे. ते खऱ्या सामन्यात चालतं, हे आपण चाचणीत पाहिलं आहे. वेग कमी केला तर कोणाला फायदा होत नाही, याचा हिशेब सोबत जोडला आहे."

मावशी : "आपण"? तू त्यांच्यात का माझ्यात?

भाची : ते मलाही कळायचंय. पुढं ऐक. "तेच शरीर लोकांनी हसावं म्हणून देता येतं, तर एका बाईला पूल राखता यावा म्हणून का देता येत नाही? नियम काय आहे ते सांगू नका, ते उत्तर मीच लिहिलंय. कारण सांगा. शनिवारच्या आत आम्हां दोघींना उत्तर हवं आहे."