तिसरी सही

बँकेच्या रांगेत आजींच्या पुढे एक तरुण इंजिनिअर आणि त्याची बायको काउंटरवरच्या बाईंशी हुज्जत घालत होते.

“मोबाईल पाण्यात पडला हो, ॲप कुठून उघडू? आज अनामत भरली नाही तर घर हातचं जाईल.”

“ओळखपत्र ठीक आहे. सही जुळत नाही. पुन्हा करा.”

“ही घ्या.”

“ही तर तिसरीच निघाली!”

“आठ वर्षांत सही केलीय कुणी? फोनवर अंगठा टेकवला की काम होतं.”

“एवढा शिकलेला नवरा, आणि सही येईना!”

“तू गप गं.”

“मग कागदावरही अंगठाच लावा,” बाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. “साक्षीला एखादा खातेदार आणा.”

त्याने अंगठा उमटवला, तशी आजींनी पुढे होऊन साक्षीदाराच्या जागी झोकदार सही ठोकली.

“अंगठा शर्टाला पुसू नकोस, बाळा,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईच्या प्रत्येक पदराला तो डाग होता.”