सैल सोडा, मास्तर!

...आणि वर मलाच म्हणतात, 'सैल सोडा, मास्तर!' मला! अहो, हे वाक्य माझं आहे! तुम्हाला सांगतो, मी गाडी शिकवतो, जन्म गेला त्यात. शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला बसायचं, पायाशी माझा वेगळा ब्रेक, आणि दिवसभर एकच जप... 'हात सैल सोडा, खांदे सैल सोडा, स्टेअरिंग आहे ते, कुणाचा गळा नाही!' आणि ती माणसं स्टेअरिंग आणखी आवळून म्हणतात काय? 'सैलच सोडलंय, सर!'

तर या धंद्यात माझी मान अडकली. उजवीकडे! कारण शिकणारा उजवीकडे! दिवसभर त्याच्या हातांकडे बघून बघून मान तिथंच बसली हो, हलायचं नाव नाही. घरी जेवायला बायको डावीकडे बसते, तिच्याशी बोलायचं तर मला खुर्चीसकट वळावं लागायचं. ती म्हणायची, "राहू द्या, भिंतीशीच बोला, ती तरी ऐकून घेईल."

तेही चाललं असतं. पण लेक! आमची एकुलती एक लेक गाडी शिकली, आणि कुणाकडे? दुसऱ्याकडे! नाक कापलं की नाही माझं? बरं, शिकली, परवाना मिळाला, मी आपला हौसेनं शेजारी जाऊन बसलो, तर गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवून म्हणते, "बाबा, उतरा." का गं? तर म्हणे, "पाय बघा तुमचा!" बघतो तर काय... तिथं ब्रेक नाही, काही नाही, आणि मी चटई दाबतोय! मांजर दिसलं, दाब. कुणी सायकलवाला दिसला, दाब! "तुमचा माझ्यावर विश्वासच नाही," म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी हो तिच्या. ते मात्र लागलं मला. फार लागलं. तेव्हापासून ती एकटीच गाडी काढायची आणि मी खिडकीतून बघायचो... तेही मान वळली तर!

मग बायकोनं मला मसाजवाल्या ताईंकडे धाडलं. मला वाटलं, कुणीतरी दांडगा पैलवान असणार, हाडं कडाकडा मोडणार, मी मनातल्या मनात निरवानिरव करून गेलो. तर छोटीशी खोली, मंद दिवा, आणि एका पलंगाला डोक्याशी भोक! म्हटलं, "ताई, पलंग फाटलाय तुमचा." "तोंड ठेवायला आहे ते," म्हणाल्या. आणि मग प्रश्न सुरू... रक्तदाब आहे का, औषधं कुठली चालू, कधी पडलात का, आपटलात का... अहो, मसाज आहे की मुलाखत? शेवटी म्हणाल्या, "जोर जास्त झाला तर सांगायचं हं, दात-ओठ खाऊन सोसत बसायचं नाही."

झोपलो पालथा. अंगावर टॉवेल. तेल कोमट, हात गरम, सगळं झकास! त्यांनी माझा हात उचलला, म्हणाल्या, "आता माझ्यावर सोपवा," आणि सोडून दिला... तर हात तसाच वर! "सैल सोडा, मास्तर." मी म्हटलं, "सैलच सोडलंय!"

...बोललो आणि भोकातल्या भोकात लाजलो हो. "मग हा वर कुणी धरलाय?" ताई म्हणाल्या.

पुढं ऐका! त्यांचा अंगठा मानेवरून खाली निघाला, खांद्याच्या वळणाशी आला, तर एकदम म्हणाल्या, "हे पायाचं काय चाललंय?" पालथ्या पालथ्या ब्रेक मारत होतो मी! अंगठा वळणावर आला, मार ब्रेक! ताईंनी शांतपणे घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी सारली आणि म्हणाल्या, "मास्तर, ही गाडी मी चालवतेय. तुम्ही नुसते बसा." तुम्हाला सांगतो, असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. काहीतरी सुटलं आत... आणि मी घोरायला लागलो.

उठल्यावर म्हणाल्या, पाणी प्या, उद्या अंग जरा ठणकेल, घाबरू नका, आणि एका खेपेत जादू होणार नाही. ठणकलं! पण जात राहिलो, आणि हळूहळू मान वळायला लागली, डोकं दुखायचं थांबलं, रात्री झोप लागायला लागली. शिकणाऱ्यांवर ओरडणं इतकं कमी झालं की एकानं विचारलं, "सर, बरं नाहीये का?"

मग एक दिवस धीर करून लेकीला म्हटलं, "नेतेस का गं?" तिनं आधी माझ्या पायांकडे बघितलं. म्हटलं, "गाडी तू चालव. मी नुसता बसतो." आणि बसलो हो! मांजर गेलं... जाऊ दे! सायकलवाला आला... येऊ दे! कोपऱ्यावर तिनं वळण काय झोकात घेतलं, वा! आणि मग... मग मला काही आठवत नाही.

डोळे उघडले तर गाडी सावलीत उभी, आणि लेक माझ्याकडे बघतेय, पुन्हा डोळ्यांत पाणी! "बाबा! घोरत होता तुम्ही! माझ्या गाडीत!" अख्ख्या गावभर फिरवलंन मला, पूल ओलांडला, बाजारातून नेलं, आणि मी ढाराढूर! लगेच आईला फोन, मावशीला फोन, मैत्रिणींना फोन... परवाना मिळाला तेव्हासुद्धा पोर एवढी खूष नव्हती!

फक्त एक झालं. मी झोपलो होतो खिडकीला डोकं टेकून. मान पुन्हा अडकली... आता डावीकडे!

जेवायला बसलो, तर समोर थेट बायको. दुसरीकडे बघायची सोयच नाही! म्हटलं, "अगं, ताईंना फोन कर, उद्याचीच वेळ घे." तर ताटात वाढता वाढता काय म्हणते, "कसली घाई? इतक्या वर्षांनी तोंड दिसतंय तुमचं... सैल सोडा, मास्तर!"

सोडलं! करतो काय!