भावजी, ते ऐकत होते

हॅलो? …कोन? …हां, बोला भावजी. …न्हाई, नांदेडलाच हाय अजून, दवाखान्यात. …हाव, शुद्धीवर हायेत तुमचे भाऊ. …आज न्हाई आले वो! शुद्धीवरच होते. झटका आल्यापासून. …ऐका तरी. अंग गेलंय, जीभ गेलीय. कान साबूत, डोकं साबूत. …मी कशाला म्हनू? डॉक्टर मॅडम म्हन्ल्या. सकाळी त्यांनी ह्यांना इचारलं, "वीरभद्र, ऐकू येत असंल तर वर बघा." वर बघितलं. "आता खाली." खाली बघितलं.

…हाव, म्हंजे तवाबी ऐकू येत होतं. तुमी उशाशी बसून लेक्चर दिलं, तवाबी. …कोनतं काय? तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर ना तुमी, लातूरचे? "मन म्हंजे मेंदूचं काम. जवाब न्हाई, तर मन न्हाई. दिवा जळतोय, पर देव्हारा रिकामा. नाकातली नळी काढा, निलंग्याला घरी न्या." …मला म्हन्ले, हाव. पर त्यांच्या तोंडावर म्हन्ले! आन् त्यांच्या डोळ्यातून पानी आलं, तर काय म्हन्ले? "ते नुसतं डोळ्याचं काम हाय, वहिनी. रडायला आत कुनी लागतंय."

…थांबा, माझं होऊ द्या. दुपारी मी एकेक अक्षर म्हनत गेले. पाहिजे ते आलं की ते वर बघायचे. पयलं आलं ग. मला वाटलं, गौराचं नाव घ्यून राहिले, लेकीचं. मंग आला उकार. …पुरं झालं तवा निघालं, "गुरुअण्णाला हाकल." तुमालाच, भावजी. हसू का रडू, कळंना मला. दोन्ही केलं.

…काय म्हन्ले? आपोआप? डोळ्याचा झटका? …अहो, झटक्याला जोडाक्षर येतंय व्हय?

…हॅलो? …हाय, हाय मी. …काय आनता? विद्यार्थी? …"दुर्मिळ केस"? …वा! परवा तुमीच सगळ्या सोयऱ्यांना फोन करून सांगितलं, वीरभद्र आता उरला न्हाई म्हनून. आन् आज केस झाला तुमचा? …न्हाई, मला न्हाई कळत तुमचं शास्त्र. सख्खा भाऊ कळतो. …बरं, बरं. त्यांनाच इचारते.

अहो… गुरुअण्णा पोरं घेऊन येतो म्हन्तेत. तुमाला बघायला. येऊ द्यायचं का? हाव असंल तर वर बघा, न्हाई तर खाली.

…हॅलो, भावजी. वर न्हाई बघितलं. …खालीबी न्हाई. डोळे मिटून घेतले. …म्हंजे काय, ते मला काय इचारता? वर्गात सांगा अर्थ. …ठेवते.