पाच सेंटिमीटरच्या आत

(नाशिक, सातपूर. संध्याकाळचे पाच वाजून गेलेत. झुंबर पिंगळे, त्यांची बायको लताबाई आणि मुलगी सायली. टीपॉयवर दोन रिपोर्ट आणि रिकामे कप.)

लताबाई : सरासरी काढली? छातीतल्या रक्तवाहिनीची?

झुंबर : मग? एका रिपोर्टात फुगा पाच पॉइंट एक, दुसऱ्यात चार पॉइंट आठ. बेरीज केली, भागिले दोन. डॉक्टर म्हणाला, पाच सेंटिमीटर झाला की ऑपरेशन. नाय झाला अजून.

सायली : पप्पा, तो चार पॉइंट आठवाला रिपोर्ट गेल्या वर्षीचा आहे.

झुंबर : रीडिंग ते रीडिंग.

सायली : अहो, म्हणजे वर्षात तीन मिलिमीटर वाढला! डॉक्टर तेच तर सांगत होते.

लताबाई : बत्तीस वर्षं कंपनीत तपासनीस होता तुम्ही. केसाएवढा फरक दिसला की पीस लाल डब्यात. पोरं शिव्या घालायची तुम्हाला, मी स्वतः ऐकल्यात. आता स्वतःचाच पीस आला, तर पास?

झुंबर : त्या पिसांना भीती वाटत नव्हती, लता.

सायली : सहापर्यंत हॉस्पिटलला फोन करायचाय, पप्पा. नाहीतर मंगळवारची तारीख दुसऱ्याला देतील.

झुंबर : देऊ दे की. त्या बिचाऱ्याचं भलं होईल. छाती उघडणार, हृदय बंद करणार, खराब तुकडा कापणार आणि तिथं बसवणार काय, तर कापडाची नळी! कापडाची! मी स्टीलच्या नळ्या परत पाठवल्यात.

सायली : ते वेगळं कापड असतं.

लताबाई : पैठणीचं लावायला सांगू का? काठ वर दिसू देत.

झुंबर : हसा. आमच्या घराण्यात पहिल्यापासून हाय हे. माझे वडील, बापू, द्राक्षाच्या बागेत गेले, केरूदादा पोराच्या हळदीत. दुखलं नाय, खुपलं नाय. एका मिनिटात मोकळे.

लताबाई : ते मोकळे. पंगत बसलेली होती तेव्हा. जाऊबाई अजून कुणाच्या हळदीला जात नाहीत. भावजींचं एक मिनिट झालं, त्यांचं अकरा वर्षं चाललंय.

झुंबर : त्र्यंबकला नारायण नागबळी केला ना आपण? दोनदा केला. दोष गेला.

लताबाई : दोष गेला, फुगा राहिला. आणि आता ऐका. डॉक्टरांनी सांगितलं, यांचं बीपी वाढू द्यायचं नाही. तीन वर्षं झाली, मी तुमच्याशी भांडलेली नाही.

झुंबर : मग आत्ता काय चाललंय?

लताबाई : हे बोलणं आहे. माझं भांडण विसरलात तुम्ही. तुमच्या बहिणीनं चारचौघींत माझ्या पुरणाला नाव ठेवलं, मी गिळलं. माझं शिलाई मशीन न विचारता भाचीला देऊन टाकलंत, तेही गिळलं. पंचवटीच्या बाजारात जाते आणि त्या मेथीवाल्या फुलाबाईशी भांडून येते. ती बिचारी मला लांबून बघितलं तरी दोन जुड्या जास्त काढून ठेवते.

झुंबर : तरीच. आठवड्यातनं चार दिवस मेथी.

सायली : पप्पा, मीही एक गोष्ट सांगितलेली नाही. बीपी वाढेल म्हणूनच.

झुंबर : आता तुझं काय? पोरगा बघितलास का कुणी?

सायली : माझी तपासणी केली. मार्चमध्ये. डॉक्टर म्हणाले होते ना, मुलांची पण करा.

झुंबर : बरं. मग?

सायली : चार पॉइंट एक.

झुंबर : मशीन बरोबर नसंल.

सायली : दोन ठिकाणी केली. दोन्हीकडं तेच.

झुंबर : लता, तुला माहीत होतं?

लताबाई : मीच घेऊन गेले होते. तुम्हाला सांगितलं, मामेबहिणीकडं चाललोय.

झुंबर : चार पॉइंट एक म्हंजे काय नाय. लय अंतर हाय अजून. काय नाय ते. लक्ष ठेवायचं. वाढलं की लगेच ऑपरेशन. त्यात काय हाय? हल्ली रोज होतात.

सायली : कापडाची नळी लावतात.

झुंबर : वेगळं कापड असतं ते.

सायली : मला भीती वाटते, पप्पा. तुम्ही येता-जाता म्हणता, दुखलं नाय, एका मिनिटात मोकळे. माझ्या रिपोर्टनंतर मला ते झोपताना ऐकू येतं.

झुंबर : गप. तसलं काय म्हणत नसतो मी.

लताबाई : म्हणता.

झुंबर : आता नाय म्हणणार. किती वाजले?

लताबाई : सहाला दहा.

झुंबर : फोन दे इकडं. नंबर लावून दे... हॅलो? झुंबर पिंगळे बोलतोय, सातपूरहून. मंगळवारची तारीख. हो, पक्की. हो, उपाशीपोटी, माहिती हाय... थांबा हां, एक विचारायचं होतं. ऑपरेशन झाल्यावर पेशंट कितव्या दिवशी नीट बोलायला लागतो?... नाय नाय, मला कसली घाई नाय. पोरीला सांगायचं हाय, कसं वाटलं ते.