लग्नाच्या कॅसेटमधली सविता

मी लंकाबाई बन्सी खाडे, वय अंदाजे ६२ वर्षे, धंदा पूर्वी ऊसतोड, सध्या शेळ्या राखते, रा. खर्ड्याजवळील वस्ती, ता. जामखेड, जि. अहिल्यानगर. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे पती मयत आहेत. मला एक मुलगी होती, सविता. ती सन १९९६ साली साखर कारखान्याच्या तळावर आमच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तापाने वारली. तेव्हा ती सात वर्षांची होती. तिचा फोटो नाही.

आमच्या वाचनालयातील अश्विनी मॅडम लोकांच्या लग्नाच्या, जत्रेच्या जुन्या कॅसेट गोळा करून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतात व दर गुरुवारी दुपारी भिंतीवर दाखवतात. दि. ६/११/२०२५ रोजी मी शेळ्या बांधून तिथे गेले. वस्ती ऊसतोडीला गेल्याने आम्ही आठ-दहा म्हातारी माणसेच होतो. त्या दिवशी भागवत सानप यांच्या लग्नाची सन १९९५ ची कॅसेट लावली होती. आवाज नव्हता. रंग निळा पडल्याने माणसे पाण्याखालून चालल्यासारखी दिसत होती. माझे पती पंगतीत बुंदी वाढत होते. वारलेली सगळी माणसे जेवत बसली होती. कोणालाही घाई नव्हती.

नंतर मांडवाच्या खांबाला धरून सविता दिसली. तिच्या पलीकडे मी पाठमोरी भांडी घासत होते. सविताने माझ्याकडे तोंड करून हाक मारली. तेवढ्यात चित्र गेले.

अश्विनी मॅडम म्हणाल्या, "इथून पुढं फीत चिकटलीये, मावशी. मशीन ओढत नाही."

मी विचारले, "म्हंजी फुडचं आतमधी हाय?"

त्या म्हणाल्या, "असेल."

दि. १० रोजी दुपारी मॅडम फोनवर बोलत बाहेर गेल्या असता मी ती कॅसेट कपाटातून काढून पदराखाली घेतली. मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या घरी टीव्ही नाही. दोन दिवस कॅसेट उशाला ठेवली. घरात कोणी आले आहे असे वाटत होते, म्हणून भाकरी जास्त केल्या. तिसऱ्या दिवशी विळ्याच्या टोकाने स्क्रू काढून फीत उन्हात धरली. फितीत माझाच चेहरा दिसला, दुसरे काही दिसले नाही.

कॅसेट का नेली असे विचारता सांगते की, सविता तापात मला हाका मारत होती असे तळावरच्या बायांनी नंतर सांगितले. मी तेव्हा उसाच्या फडात होते.

दि. १३ रोजी मी स्वतः फीत परातीत घालून वाचनालयात नेली. तोपर्यंत भागवत यांनी तक्रार दिली होती. त्यांची पत्नी रतनबाई मागील वर्षी वारली. ते तिथेच होते, परातीकडे पाहून म्हणाले, "लंकावैनी, आमच्या रतनचं असं केलं व्हय तुमी?"

मी म्हणाले, "कॅसेट तुमची हाय, भावजी. पोरगी माझी हाय."

मग खाली बसून त्यांनी फितीचे एक टोक धरले, दुसरे मी धरले. दिवस मावळेपर्यंत आम्ही गुंता सोडवला. मॅडमनी बुरशी पुसून फीत दुसऱ्या डबीत भरली व मशीनला लावली. चिकटलेल्या भागातून थोडेच निघाले. त्यात मी वळते. हात राखेचे असल्याने मनगटाने सविताच्या गालावरचे केस मागे सारते. ती हसते. मधून नवरीच्या वेशातील रतनबाई जाते आणि पुढे सगळे पांढरे होते. भागवत यांनी ते तीन वेळा लावायला सांगितले. आता आपली तक्रार नाही असे ते म्हणाले.

कॅसेट मी न विचारता नेली हे खरे आहे.

माझा जबाब हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. मी वळते ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला सांगितले, त्यांनी वाचले. सर्व बरोबर आहे. अंगठा दिला आहे.