हात लागलेला उंट

दाताच्या दवाखान्यात निवृत्त ग्रंथपाल वर्तमानपत्राआड नंबरची वाट पाहत होते. शेजारी बाप-लेक बसली होती.

"घोडा असा टाकलास की राजाला शह आणि वजिरावरही डोळा! फायनलला असं खेळायचं म्हणजे खायचं काम नाही. वाघीण आहे माझी!"

"बाबा, हळू ना."

"हळू कशाला? आज शाळेत सत्कार, आणि नेमकी आजच तुझी दाढ दुखायला लागली."

"आधी मी उंटाला हात लावला होता."

"मग?"

"हात लावला तोच मोहरा हलवायचा, तुम्हीच शिकवलंत. उंट हलवला असता तर हरले असते. म्हणून पटकन हात घोड्यावर नेला."

"कोणी पाहिलं?"

"समोरच्या मुलीनं. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली."

"बोलली नाही ना? मग झालं तर!"

"मान मी खाली घालायला हवी होती, बाबा."

"दाढवाली मुलगी, आत या!" कंपाउंडरनं हाक मारली.

"माझी दाढ दुखत नाहीये. शाळेत चला. कप परत देऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे मी."

"हळू बोल गं, लोक ऐकतायत."

ग्रंथपालांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.